सत्तेचाळीसला तीन

२०२३ सालची दिवाळी वर्ल्डकपच्या वेळापत्रकात अशी चपखल बसली होती, की पंचांगवाले आणि आयसीसीवाले एकाच टेबलाशी बसले होते की काय अशी शंका यावी. लक्ष्मीपूजनाच्या रविवारी, १२ नोव्हेंबरला, बंगळुरूला नेदरलँड्सशी मॅच. भाऊबीजेच्या बुधवारी वानखेडेवर न्यूझीलंडशी सेमीफायनल. आणि पुढच्या रविवारी अहमदाबादला फायनल. रविवार ते रविवार. त्या आठवड्याचा विषय काढायचा नाही, असं आमच्यात कुणी न सांगता ठरलं होतं आणि बराच काळ ते पाळलंही गेलं. आता बोलता येतं. निदान पहिल्या दहा ओव्हरपर्यंत तरी.

आमच्यात म्हणजे चौघांत. शाळेपासूनचे. त्यातल्या एकाला आम्ही आकडेवाला म्हणतो. लग्न कोणत्या साली झालं हे विचारलं, तर तो आधी तेव्हा कुठला दौरा चालू होता ते आठवतो आणि मग साल सांगतो. दुसरा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असतो. आपल्याकडे दुपारी दोनला टॉसनंतरचा पहिला बॉल पडला, की त्याच्याकडे मध्यरात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. त्या दीड महिन्यात त्याने नोकरी कशी सांभाळली, हे त्यालाच ठाऊक. तिसरी मैत्रीण. ती बॅट्समनकडे कमी आणि फिल्डिंग कशी लावलीये त्याकडे जास्त बघते. आपण सगळे फोरचा आनंद लुटत असतो तेव्हा ही म्हणते, "डीप पॉइंट आत घेतला होता, तिथेच गेला बघ." सुरुवातीला वैताग यायचा. आता तिने सांगितल्याशिवाय फोर पुरता पचत नाही.

नेदरलँड्सच्या मॅचबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि तीच तिची मजा होती. ४१० धावा. रोहित, गिल, कोहली, श्रेयस, राहुल, पहिल्या पाचही जणांच्या पन्नासच्या वर. वर्ल्डकपमध्ये असं पूर्वी कधी झालं नव्हतं, हे आकडेवाल्याने इनिंग संपायच्या आतच कळवलं. नंतर बॉलिंगला नऊ जण आले. कोहलीने त्यांच्या कॅप्टनची विकेट काढली आणि लहान मुलासारखा हसला. शेवटची विकेट रोहितने घेतली. बाहेर फटाके चालू होते, ते दिवाळीचे की मॅचचे हे सांगणं अवघड होतं. नऊपैकी नऊ. त्या रात्री आकडेवाल्याचा मेसेज आला, "इतकं सगळं नीट चाललंय, हे काही बरं नाही."

हसण्यावारी नेलं आम्ही. पण ज्याने २०१५ची सिडनीची सेमीफायनल, २०१६ची वानखेडेवरची वेस्ट इंडीजची, २०१७ची चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल आणि २०१९ची मँचेस्टरची सेमीफायनल, या आपण हरलेल्या मॅच बघितल्या आहेत, त्याला चांगल्या दिवसांची धास्ती वाटणं साहजिक आहे. आपल्या टीमचा चाहता गटसाखळीत राजा असतो. बाद फेरी आली, की त्याच्या पोटात गोळा येतो.

भाऊबीजेला आम्ही चौघं चार ठिकाणी होतो. मी बहिणीकडे. तिच्या नवऱ्याला क्रिकेटमध्ये काडीचाही रस नाही. म्हणजे आपल्याकडे असा माणूस असू शकतो, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही, पण आहे. ओवाळणी टॉसच्या आधी उरकावी असा माझा हट्ट होता, पण तसं झालं नाही. बहीण म्हणाली, "आरती ओवाळताना तरी फोनमधून डोकं काढ." काढलं. पण रोहितने सुरुवातीलाच बोल्टला आणि साउदीला जे धुतलं, त्याचा आवाज आतल्या खोलीत येत होता, आणि कान काही कुणाच्या ताब्यात नसतात. २९ चेंडूंत ४७. एवढ्या धावांनी रेकॉर्ड बुकात काही होत नाही. पण त्या वर्ल्डकपमध्ये बाकीच्यांना निवांत खेळता आलं ते या माणसाने स्वतःच्या शतकांवर पाणी सोडलं म्हणून, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी त्या दिवशी मेहुण्यांना सविस्तर समजावूनही सांगितलं. ते सौजन्यमूर्ती आहेत. ऐकून घेतलं.

मग कोहलीचं पन्नासावं शतक. एकोणपन्नासावं त्याने दहाच दिवसांपूर्वी ईडनवर, आपल्या वाढदिवसाला केलं होतं आणि सचिनची बरोबरी केली होती. पन्नासावं वानखेडेवर, समोर स्टँडमध्ये स्वतः सचिन. त्याने हेल्मेट काढलं आणि तिकडे बघून वाकला. मी सचिनच्या काळात वाढलेला माणूस. सचिन आउट झाला की टीव्ही बंद करणाऱ्या घरातला. तो एकोणपन्नासचा आकडा कुणीतरी मागे टाकेल तेव्हा आपल्याला वाईट वाटेल, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. वाटलं नाही. उलट सचिन टाळ्या वाजवत होता ते बघून मलाच मोठेपणा मिळाल्यासारखं झालं, ज्यात माझा काडीचाही वाटा नव्हता. आमच्या ग्रुपवर त्या वेळी एकही शब्द आला नाही. नुसत्या हात जोडलेल्या चित्रांची रांग. मैत्रिणीनेही फिल्डिंगबद्दल काही लिहिलं नाही.

३९७ झाल्यावर वाटलं, आता जेवायला हरकत नाही. पण विल्यमसन आणि मिचेल खेळायला लागले आणि घास घशात अडकला. दोघं कसलीही घाई न करता शंभरावर गेले, दीडशेवर गेले. आणि मग बुमराहच्या बॉलवर विल्यमसनने मिडऑनला झेल दिला आणि तो शमीच्या हातून सुटला. अख्खं वानखेडे गप्प. आमच्या कॉलवर अमेरिकेतला तेवढाच म्हणाला, "मँचेस्टर." त्याला पुढे काही बोलायची गरज नव्हती. तिथे याच न्यूझीलंडसमोर २४० करायचे होते, ५ वर ३ गेले होते, मग जडेजाने आशा लावली आणि गप्टिलच्या थ्रोवर धोनी दोन-चार इंचांनी रनआउट झाला. ते इंच अजून आमच्या अंगात आहेत.

पण शमीने ज्याचा झेल सोडला त्याचीच विकेट काढली, आणि त्याच ओव्हरमध्ये लेथमचीही. त्या संध्याकाळी त्याने ५७ धावांत ७ घेतल्या. गंमत म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या चार सामन्यांत हा टीममध्येच नव्हता. हार्दिक जायबंदी झाला म्हणून दार उघडलं.

त्यानंतरचा तास मला फार नीट आठवतो. बहिणीच्या बिल्डिंगमध्ये खाली लोक उतरले होते. मी कुणालाही ओळखत नव्हतो आणि सगळ्यांशी बोलत होतो. एका आजोबांनी माझा हात हातात घेऊन १९८३बद्दल सांगायला सुरुवात केली. एका अनोळखी पोराने मला मिठी मारली आणि "काका, शमी!" एवढंच म्हणाला. हा प्रश्न होता की माहिती, कळलं नाही, पण मीही त्याला "शमी!" असं उत्तर दिलं. रात्री घरी परतलो तर लिफ्टमध्ये आमच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. त्यांच्याशी माझा पार्किंगवरून जुना वाद आहे आणि आम्ही एरवी मान हलवण्यापलीकडे जात नाही. त्या रात्री त्यांनी मला स्वतःहून टाळी दिली. फोनवर अशा लोकांचे मेसेज होते ज्यांची नावं वाचून हे कोण, असा विचार करावा लागला. जुन्या ऑफिसातले, ट्रेनमधले, कुठल्याशा लग्नात भेटलेले. सगळ्यांना त्या रात्री माझ्याशी बोलायचं होतं. मलाही त्या सगळ्यांशी बोलायचं होतं.

गुरुवारी ईडनवर दुसरी सेमीफायनल. दक्षिण आफ्रिका २१२, त्यात एकट्या मिलरचे १०१. ऑस्ट्रेलियाचे सात गेले तरी शेवटी स्टार्क आणि कमिन्सने टुकूटुकू खेळून नेली. या मॅचवरून आमच्यात खरं भांडण झालं. अमेरिकेतल्याला ऑस्ट्रेलियाच हवी होती. "२००३चा हिशोब आहे," म्हणाला. आकडेवाला भडकला. याच ऑस्ट्रेलियाने पाचच महिन्यांपूर्वी ओव्हलवर टेस्ट चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये आपल्याला २०९ धावांनी हरवलं होतं. तेव्हा हेडने १६३ केले होते. आणि स्पर्धेतल्या पहिल्या दोन्ही मॅच हरून, मॅक्सवेलच्या एका पायावरच्या २०१ नंतर इथवर आलेल्या टीमला आपण होऊन कशाला आमंत्रण द्यायचं, हा त्याचा सवाल.

मला दोघांचंही पटत होतं. २००३ची ती फायनल आम्ही चौघांनी एकाच खोलीत बघितली होती. झहीरची पहिलीच ओव्हर पंधरा धावांची. मग पाँटिंग. १४० नाबाद. ३५९ समोर असताना सचिन पहिल्या ओव्हरमध्ये फोर मारून लगेच गेला. मध्ये पाऊस आला तेव्हा मॅच वाहून जाऊन पुन्हा होईल, अशी आस सेहवागच्या बॅटिंगइतकीच त्या पावसावरही लागली होती. झालं नाही. पण खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी शाळेत घडली. पाँटिंगच्या बॅटमध्ये स्प्रिंग सापडली, आता मॅच पुन्हा खेळवणार, अशी बातमी पहिल्या तासालाच पसरली. कुणाच्या तरी काकांनी पेपरात वाचलं होतं. ते काका कोणाचे, हे आजवर कळलेलं नाही. पुढे मोठेपणी वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या राज्यांतल्या माणसांनाही विचारून बघितलं. सगळ्यांच्या शाळेत ती स्प्रिंग सापडली होती. त्या काळात ना व्हॉट्सॲप, ना काही. तरी एका रात्रीत देशभरातल्या पोरांनी एकच खोटं मनापासून रचलं आणि त्यावर चार-आठ दिवस काढले.

तेव्हा हिशोब होता, हे खरं. पण तो आमचा होता. शुभमन गिल २००३ साली साडेतीन वर्षांचा होता. त्याच्याकडून कसली वसुली करायची? खेळाडू आपापली मॅच खेळतात, आपण मात्र त्यांच्या खांद्यावर आपल्या शाळेचं दप्तर देऊन मोकळे होतो.

शनिवारी कमिन्स पत्रकारांपुढे बोलला. एवढा मोठा जमाव गप्प झालेला ऐकण्यासारखं दुसरं समाधान नाही, अशा अर्थाचं. आपल्याकडे लोकांनी ते दर्पोक्ती म्हणून घेतलं. मैत्रीण म्हणाली, "नाही रे, हा प्लॅन सांगतोय."

रविवारी आम्ही तिघं आकडेवाल्याकडे जमलो, चौथा टीव्हीशेजारी ठेवलेल्या फोनवर. जागा ठरलेल्या. सेमीफायनलला ज्याने जो शर्ट घातला होता तोच घालायचा, हे सांगावं लागलं नाही. त्याच्या घरी मॅच इंटरनेटवरून दिसते आणि शेजाऱ्यांकडे केबल आहे. त्यामुळे शेजारचं जग आमच्यापेक्षा काही सेकंद पुढे. विकेट किंवा सिक्स आधी भिंतीपलीकडून ऐकू येतो, मग दिसतो. आकडेवाला दार-खिडक्या लावून घेतो, तरी येतोच.

टॉस कमिन्सने जिंकला आणि बॉलिंग घेतली. आम्हाला वाटलं, बरं झालं. रोहित पुन्हा तसाच सुटला. दहाव्या ओव्हरमध्ये मॅक्सवेलला सिक्स, पुढच्या बॉलला फोर. त्याच्या पुढच्या बॉलला पुन्हा उचलला. भिंतीपलीकडून काहीच आवाज आला नाही. तेवढ्यावरून आम्हाला कळलं. मग आम्ही हेडला कव्हरवरून मागे पळत जाऊन, अंगावर झेप टाकून तो झेल घेताना बघितलं. ३१ चेंडूंत ४७. पुन्हा सत्तेचाळीस.

पुढच्या ओव्हरमध्ये श्रेयस गेला. आणि मग जे सुरू झालं, त्याला बॅटिंग म्हणायचं की वाट बघणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ९७ चेंडू एकही बाउंड्री नाही. पहिल्या दहा ओव्हरमध्ये ८० झालेल्या आणि उरलेल्या चाळीस ओव्हरमध्ये मिळून फक्त चार फोर. पिच कोरडं, संथ. बॉल बॅटवर येत नव्हता. कमिन्स प्रत्येक ओव्हरला फिल्डर हलवत होता आणि मैत्रीण त्याच्याबरोबर हलत होती. "बघ, आता डीप स्क्वेअर मागे नेला. आता हा कट मारणार नाही." राहुल कट मारत नव्हता. भिंतीपलीकडे शांतता होती, त्यामुळे आम्हाला पुढच्या चेंडूचं भविष्य काही सेकंद आधीच ठाऊक असायचं. आवाज आला नाही म्हणजे हाही रिकामा. असं कितीतरी वेळ.

कोहलीने ५४ केल्या आणि कमिन्सचा बॉल बॅटची आतली कड घेऊन स्टंपवर गेला. तो खाली बघत उभा राहिला. मैदानावर ९२,४५३ माणसं होती असं नंतर वाचलं. त्या वेळी टीव्हीवर फक्त ऑस्ट्रेलियाचे अकरा जण ऐकू येत होते. कमिन्सला जे हवं होतं ते मिळालं. राहुलच्या १०७ चेंडूंत ६६ वर पुढे लोकांनी तोंडसुख घेतलं. मला तसं करता येत नाही. तो टिकला नसता तर २४० सुद्धा झाले नसते. फार तर एवढं म्हणेन, की चार आउट झाल्यावर जडेजाला सूर्यकुमारच्या आधी पाठवलं त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

इनिंगच्या मधल्या वेळात कुणी फारसं बोललं नाही. अमेरिकेतला म्हणाला, "बॉलिंग आहे आपली." तिकडे भल्या पहाटे तो एकटा, अंधारात, गळ्यात निळा स्कार्फ घालून बसला होता.

आणि मग त्या सात ओव्हर. बुमराहच्या पहिल्याच बॉलला वॉर्नरची कड लागून बॉल कोहली आणि गिल यांच्या मधून फोर गेला. दोघंही जागचे हलले नाहीत. पण शमीने आल्या आल्या वॉर्नरला काढलं. मग बुमराहने मार्शला. सातव्या ओव्हरच्या शेवटच्या बॉलला स्मिथ पायचीत. त्याने रिव्ह्यू घेतला नाही. रिप्लेमध्ये दिसलं, बॉल ऑफस्टंपच्या बाहेर पायाला लागला होता. घेतला असता तर वाचला असता. शेजारी भिंत हादरत होती. आकडेवाला, जो मॅच चालू असताना सहसा खुर्चीतून उठत नाही, तो उभा राहून ओरडत होता, "सत्तेचाळीसला तीन! सत्तेचाळीसला तीन!" फोन टीव्हीशेजारून खाली पडला आणि त्यातून अमेरिकेतल्याचा आवाज छतापर्यंत येत होता. कुणी तरी मला पाठीत इतक्या जोरात गुद्दा मारला की नंतर दोन दिवस दुखत होतं. कुणी मारला हे कुणीच कबूल केलं नाही.

त्या दोन-अडीच मिनिटांत आम्ही वर्ल्डकप जिंकलो होतो. मला अजूनही तसंच वाटतं. पुढे जे झालं ते रेकॉर्डला आहे. हेड १३७, लाबुशेन नाबाद ५८, दोघांची १९२ची भागीदारी, ४३ ओव्हरमध्ये ६ विकेट राखून. दव पडलं, बॉल बॅटवर यायला लागला, हे सगळं कारणमीमांसेत ठीक आहे. पण सत्तेचाळीसला तीन असताना त्या खोलीत जो आनंद होता, तो नंतरच्या निकालाने मागे जाऊन खोटा ठरत नाही. वानखेडेचा आनंद आम्ही बिल्डिंगभर, शहरभर वाटला होता. हा फक्त चौघांचा होता, आणि त्यातला एक फोनमध्ये होता.

हेड सुरुवातीला चुकत होता. बॉल कडेजवळून जात होते. मग चुकेनासा झाला. विसाव्या ओव्हरच्या आसपास अमेरिकेतल्याने हळूच विचारलं, "मी फोन ठेवू का?" तो पांढऱ्या पायाचा आहे, असा आमच्यात जुना, अर्धा चेष्टेचा आरोप आहे. म्हणालो, ठेव. त्याने ठेवला. तीन ओव्हरनंतर मैत्रिणीने त्याला पुन्हा फोन लावला. "तू नसताना पण तेच चाललंय. ये परत." तो आला. मग शेवटपर्यंत राहिला. मॅक्सवेलने विजयी दोन धावा काढल्या तेव्हाही होता. सिराज रडत होता, बुमराह त्याला धरून चालला होता, रोहित मान खाली घालून पायऱ्या चढत होता. टीव्ही बंद कर, असं कुणीच म्हणालं नाही. वेगळीच एक शिक्षा म्हणून बक्षीस समारंभही पूर्ण बघितला. मालिकावीर कोहली, ७६५ धावा. त्याने तो घेताना त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मैत्रीण त्या रात्री आमच्यापेक्षा शांत होती. तिला याची सवय होती. २०१७ साली लॉर्ड्सवर महिलांची फायनल तिने एकटीने बघितली होती. २२९ करायचे, १९१ वर फक्त तीन गेलेल्या, पूनम राऊत ८६ वर. आणि मग इंग्लंडच्या श्रबसोलने पाच विकेट काढल्या आणि आपण ९ धावांनी हरलो. त्या रात्री तिला ज्यांच्याशी बोलावंसं वाटलं त्यांच्यातल्या कुणीच मॅच बघितली नव्हती. आम्हीही नाही. "वाईट हरण्याचं नाही वाटलं," ती त्या रविवारी म्हणाली, "सांगायला कुणी नव्हतं त्याचं वाटलं." पुढे २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत महिला वर्ल्डकपच्या फायनलमध्ये हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला आणि आपण ५२ धावांनी जिंकलो, तेव्हा याच बाईला पहाटेपर्यंत फोन येत होते. तिचे शाळेतले, ऑफिसातले, बिल्डिंगमधले. जणू झेल तिनेच घेतला होता. लॉर्ड्सच्या वेळी हे सगळे कुठे होते, असं तिने कुणालाही विचारलं नाही. मी विचारलं असतं.

अहमदाबादच्या त्या रात्री घरी आलो तर लिफ्टमध्ये पुन्हा तेच पार्किंगवाले गृहस्थ. बुधवारी ज्यांनी टाळी दिली होती. आम्ही दोघंही मजल्यांचे आकडे बघत वर गेलो. यात त्यांचं काही चुकलं असं नाही. जिंकल्यावर आपण कुणाच्याही गळ्यात पडू शकतो. कारण आनंदाला समजून घ्यावं लागत नाही, तो जसाच्या तसा पुढे देता येतो. हरल्यावर मात्र ज्याला २०१९, २०१७ आणि त्या बॅटमधली स्प्रिंग माहीत आहे, त्याच्याशीच बोलवतं. बाकीच्यांना सुरुवातीपासून सगळं सांगत बसायची ताकद नसते.

आणि बाकीचे समजूत घालतात! फोन भरला होता. "खेळ म्हटला की हार-जीत चालायचीच." "सलग दहा जिंकलो हे विसरू नका." "एका मॅचने टीम वाईट ठरत नाही." एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पण मॅच संपून अर्धा तासही झालेला नसताना ही वाक्यं पाठवणाऱ्यांना काय म्हणावं? ज्याला सुतक नाही तोच दहाव्या दिवसाची भाषा पहिल्या दिवशी बोलू शकतो. त्या रात्री मोबाइलवर एका वेळी ५.९ कोटी लोक ती मॅच बघत होते असा आकडा नंतर आला. टीव्हीवरचे वेगळे. त्या कोट्यवधींपैकी मला चारच जणांची, माझ्यासकट, मनःस्थिती ठाऊक होती आणि तेवढीच पुरेशी होती.

सोमवारी, मंगळवारी ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. बुधवारी आकडेवाल्याचा मेसेज आला. त्यात फक्त "९७" असा आकडा होता. कुणी उत्तर दिलं नाही, पण सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा दिसल्या.

गुरुवारी, २३ तारखेला, विशाखापट्टणमला त्याच ऑस्ट्रेलियाशी टी-ट्वेंटी मालिका सुरू होणार होती. फायनलनंतर चौथ्या दिवशी! ही मालिका तिथे कुणी घुसवली होती, कुणास ठाऊक. बघायची नाही, यावर एकमत होतं. सुतक म्हणजे सुतक. मी आपला सहज स्कोअर बघितला तेव्हा ऑस्ट्रेलियाचे २०८ झाले होते आणि इंग्लिसने शतक ठोकलं होतं. फोन ठेवून दिला. थोड्या वेळाने पुन्हा बघितला तर सूर्यकुमार ८० वर. आणि तेवढ्यात ग्रुपवर मैत्रिणीचा मेसेज, "थर्ड मॅन वर का घेतलाय?" म्हणजे बाई बघत होत्या. आकडेवाल्याने लगेच लागणारा रनरेट टाकला. तोही बघत होता. अमेरिकेतला ऑफिसच्या मीटिंगला जायच्या तयारीत होता, असं तो म्हणाला.

शेवटच्या ओव्हरमध्ये सात हव्या होत्या. रिंकूने पहिल्याच बॉलला फोर मारला. मग एक बाय, आणि मग लागोपाठ तीन बॉलवर तीन विकेट. अक्षर, बिश्नोई, अर्शदीप. हे फक्त आपलीच टीम करू शकते. शेवटच्या बॉलला एक हवी. रिंकूने ॲबटला सरळ उचलून सिक्स मारला आणि मी, चार दिवस कुणाशी न बोललेला माणूस, घरात ओरडलो.

पण ॲबटचा पाय रेषेपुढे होता. नोबॉल. त्या नोबॉलच्या एका धावेतच मॅच संपली, त्यामुळे सिक्स मोजला गेला नाही. स्कोअरकार्डावर २०९, रिंकू नाबाद २२. सिक्स कुठेच नाही.

त्यावरून ग्रुपवर जे पेटलं, ते दोन दिवस चाललं. अमेरिकेतल्याचं म्हणणं, की बॉल स्टँडमध्ये पडलाय, लाखो लोकांनी बघितलाय, पोराच्या नावावर सिक्स द्यायलाच हवा. आकडेवाल्याने नियम पाठवला, कलमासकट. विजयी धाव झाली त्या क्षणी मॅच संपते, पुढचं काही अस्तित्वातच नाही. मैत्रीण म्हणाली, मग त्याने मारला ते काय होतं? आकडेवाला म्हणाला, सराव. अमेरिकेतला म्हणाला, कलम गेलं खड्ड्यात, मी माझ्या वहीत अठ्ठावीस लिहितोय.